आधीच दिलेली आभारस्तुती

नाताळ जवळ आला की माझ्या पोटात गोळा यायचा. ख्रिस्ती घरातल्या बाईने असं लिहू नये, पण खरं ते खरं. दारात ताऱ्याचा कंदील लागला की लोकांना आनंद होतो. मी मात्र मनातल्या मनात पाहुण्यांना द्यायची उत्तरं जुळवायला लागायचे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळांना बायका हसत विचारायच्या, "काय मग, गोड बातमी कधी?" पुढे त्या हळू आवाजात विचारू लागल्या. त्याच्याही पुढे विचारणंच बंद झालं. नुसतं माझ्या पोटाकडे बघायच्या आणि करंज्यांची ताटली पुढे सरकवायच्या, "घे गं, तू काहीच खात नाहीस." ते सगळ्यात वाईट. प्रश्नाला तोंड देता येतं, दयेला काय देणार?

मी जालन्यात शाळेत शिकवते. माझा नवरा प्रदीप तिथल्याच एका लोखंडाच्या कारखान्यात आहे. सासर भोकरदनच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत गेलेल्या एका खेड्यात. तिथे आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, पण प्रार्थनामंदिर आहे, पत्र्याचं, समोर लिंबाचं झाड असलेलं. नाताळला सगळं गाव तिथे लोटतं. आमच्यापेक्षा बाकीच्यांचीच गर्दी जास्त, कारण आमच्याकडे ख्रिस्तजन्माचा देखावा करतात आणि त्यात खरंखुरं बाळ असतं. त्या वर्षी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या कुटुंबांत, जे शेवटचं बाळ जन्मलं असेल ते गव्हाणीत ठेवायचं आणि त्याची आई मरीया व्हायची, ही आमची जुनी रीत. दरवर्षी त्या मरीयेच्या डोक्यावरची निळी ओढणी टाचण्यांनी बसवायचं काम माझ्याकडे. का, तर "तू मोकळी आहेस, तूच बघ." मोकळी. हा शब्द मी किती वर्षं गिळला ते माझं मला माहीत.

त्या वर्षी मंडळीत एकही बाळ जन्मलं नव्हतं. तरुण जोडपी पुण्याला नाहीतर संभाजीनगरला गेलेली. आणि नेमकं त्याच वर्षी आमचे संभाजीनगरच्या दवाखान्याचे उपचार शेवटच्या पायरीवर आले होते. डिसेंबरात गर्भ आत ठेवला. तो रुजला की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी नाताळ झाल्यावर. डॉक्टरीणबाई फार चांगल्या. हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता फक्त शांत राहायचं, टेन्शन बिलकुल घ्यायचं नाही." टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या सगळ्यांना मी एकदा नाताळच्या आठवड्यात आमच्या घरी राहायला बोलावणार आहे. शंकरपाळ्यांचे डबे, चादरींचे ढीग, कोण कुठे झोपणार, कुणाला मधुमेह, कुणाला तिखट चालत नाही, आणि संध्याकाळी गाणी म्हणत दारोदार फिरणाऱ्या मंडळाला चहा. यात शांत कसं राहायचं ते त्यांनी करून दाखवावं.

शाळेला सुट्टी लागली तशी मी सासरी गेले. प्रदीपला पाळी बदलून मिळाली नाही, तो सणाच्या आदल्या संध्याकाळी येणार होता. जड उचलायचं नव्हतं, म्हणून सासूबाईंना सांगणं भाग पडलं. आमच्या आई म्हणजे मोठ्या आवाजाची, मोठ्या हाताची बाई. विश्वासही तसाच, खणखणीत. त्यांना सांगितलं, "आई, अजून काही पक्कं नाही, कुणाला बोलू नका." त्यांनी गळ्यावर चिमूट लावून शपथ घेतली आणि त्या दिवसापासून मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. मी उशी उचलली तरी धावत यायच्या. मला हसू यायचं आणि आतून भीतीही वाटायची. एवढं जपलेलं काही निसटलं तर?

नाताळच्या आधीच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेब नेहमीप्रमाणे आभारस्तुती वाचून दाखवत होते. आमच्याकडे कुणाचं काही चांगलं झालं की देवाला दान देतात आणि त्याचं कारण सगळ्यांसमोर वाचलं जातं. कुणाच्या बोअरला पाणी लागलं होतं, कुणाचा मुलगा पोलिसात लागला होता. आणि मग पाळकसाहेबांनी आमच्या आईंचं नाव घेतलं आणि वाचलं, येणाऱ्या नातवंडाबद्दल देवाचे आभार.

अख्खं मंदिर वळून माझ्याकडे बघायला लागलं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. उपासना सुटल्यावर बायकांनी मला मिठ्या मारल्या, एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि पायऱ्यांवरच ठरून गेलं, यंदाची मरीया मीच. बाळ नाही तर नाही, पोटात तर आहे! घरी येताना मी आईंना म्हटलं, "आई, मी सांगितलं होतं ना, पक्कं नाही म्हणून?" त्या थांबल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "अगं बाई, पक्कं झाल्यावर तर कोन बी आभार मानतंय. आधी मानावं, त्याला विश्वास म्हन्त्यात." शपथ मोडली म्हणून भांडावं तर समोर विश्वास उभा. प्रदीपला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नको." सगळ्या नवऱ्यांना हे वाक्य कुठे शिकवतात देव जाणे.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मला रक्त गेलं.

न्हाणीत मी भिंतीला धरून उभी राहिले. दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, औषधं बंद करू नका, ठरल्या दिवशी तपासणी करून घ्या, काही वेळा असं होतं. त्या त्यांच्या जागी बरोबर होत्या. पण बाईला आपलं शरीर कळतं. पोटातली ती ओळखीची कळ मला इतक्या महिन्यांनी पाठ झाली होती. बाहेर अंगणात आई चुलीवर कढई ठेवून करंज्या तळत होत्या आणि पाळण्याचं गाणं गुणगुणत होत्या. त्यांना सांगायला तोंड उघडेना. संध्याकाळी सगळ्या गावासमोर निळी ओढणी घेऊन बसायचं, आणि लोक माझ्या पोटाकडे बघून देवाचे आभार मानणार! मी पर्स उचलली. म्हटलं, "आई, ओढणीला टाचण्या कमी आहेत, फाट्यावरून आणते." त्या म्हणाल्या, "हळू जा, माय." मला टाचण्या आणायच्या नव्हत्या. जालन्याची बस पकडायची होती, घरी जाऊन आतून कडी लावायची होती, आणि नाताळ संपेपर्यंत ती उघडायची नव्हती.

वाटेने मी देवाशी भांडत गेले. प्रार्थना वगैरे काही नाही, चक्क भांडण. तुला आजचाच दिवस सापडला का? तुझ्या घरी उद्या लेकराचा वाढदिवस, आणि माझ्या घरी हे? दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या होत्या आणि मी मोठ्याने बोलत चालले होते. कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते.

फाट्याशेजारी सोयाबीन निघालेल्या एका रिकाम्या वावरात मेंढरं बसवलेली होती. लेंडीखतासाठी शेतकरी धनगरांना बोलावून बसवतात, थंडीत आमच्याकडे हे नेहमीचंच. बांधाला एक बिऱ्हाड होतं, दोन घोडी, कोंबड्यांचं डालगं, तीन दगडांची चूल. एक धनगरीण मावशी एका मेंढीला गुडघ्यात दाबून बसली होती. शेजारी नुकतं जन्मलेलं कोकरू, अजून ओलसर, पाय फाकून थरथरत पडलं होतं. मी बसची वाट बघत उभी, तेवढ्यात तिने हाक मारली, "ए बाई! जरा धर गं हे. मेंढी याला पाजीना. मी हिला धरते, तू त्याचं तोंड सडाला लाव."

मी म्हटलं, "मावशी, माझी बस येईल."

"येईल तवा येईल. तवर तर धर!"

असं दटावून बोललेलं ऐकून किती दिवस झाले होते. सगळे माझ्याशी कापसात गुंडाळून बोलत होते. मी बांधावरून उतरले, मातीत बसले आणि कोकरू मांडीवर घेतलं. त्या सगळ्या दिवसांत मला कुणी काही उचलू दिलं नव्हतं, आणि पहिल्यांदा उचललं ते हे. एवढंसं, ऊन ऊन, चिकट. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. नाक वाहतंय, हात गुंतलेले, पुसायचं कशाने?

मावशीने मान वर करून बघितलं. "काय गं, कोन गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "व्हायच्या आधीच गेलं."

जगात पहिल्यांदा मी ते तिला सांगितलं. नाव नाही, गाव नाही, अशा बाईला. ती काय म्हणेल हे मला पाठ होतं, कारण सगळे तेच म्हणतात. होईल गं, देवावर भरवसा ठेव, अमकीला चाळिशीत झालं, बायबलमधल्या सारेला तर म्हातारपणी झालं. पण ती तसलं काहीच बोलली नाही. "मंग रड माय," म्हणाली. "रडल्याबिगर कसं हलकं व्हायचं? पर त्याचं तोंड सोडू नको." आणि मेंढीला आणखी घट्ट दाबून बसली.

कोकराने दोनदा तोंड फिरवलं, मग एकाएकी सड पकडला. त्याची शेपटी तुरुतुरु हलायला लागली. आणि तेवढ्यात बस आली. जालन्याची पाटी मला स्पष्ट दिसली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, कंडक्टरने दारातून हात केला. मी हलले असते तर कोकराचं तोंड सुटलं असतं. मी नाही उठले. का नाही उठले, याचा मी पुढे खूप विचार केला. तिथे मात्र काही विचारबिचार नव्हता. ते पीत होतं, एवढंच.

"गेली की गं तुझी गाडी!" मावशी खो खो हसली. आणि मीही, तशीच नाक गळत, हसायला लागले.

नंतर तिने मला राखेने हात धुवायला लावले आणि जर्मनच्या पातेल्यात चहा केला, गुळाचा. मेंढी पुन्हा कोकराला ढुशी मारून बाजूला झाली होती. मी म्हटलं, "घेईल का हो ही त्याला?" ती म्हणाली, "काय सांगावं? काही घेत्यात, काही न्हाई घेत. आपुन रोज सकाळ-संध्याकाळ लावून बघायचं. आपलं काम तेवढंच हाय." मग मी कुणाच्या घरची ते तिने विचारलं. सांगितल्यावर तिने तोंडावर हात घेतला. "अगं बया! त्या येशूवाल्या म्हातारीची सून व्हय तू? परवा करंज्या घेऊन आल्ती ती. सुनेला दिवस गेलेत म्हनली. लई खुशीत होती बग."

म्हणजे मेंढपाळांपर्यंतसुद्धा आईंनी सुवार्ता पोचवली होती! मला रागवावं की हसावं कळेना. मावशी मात्र गंभीर झाली. "तिला सांगितलंस का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मंग हितं काय करून राह्यली? जा, आधी तिला सांग. तिचं बी गेलंच की. तुझ्या मागं येकटीच रडत बसंल ती. त्यापरीस दोघी मिळून रडा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचं बी गेलं. इतके दिवस माझं दुःख मी एकटीच्या मालकीचं समजत होते. आई म्हणजे ज्यांच्यामुळे माझी फजिती होणार त्या, एवढंच. चहाचा पेला ठेवून मी उठले आणि आल्या वाटेने परत गेले.

आई अजून कढईशी होत्या. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, गेलं." त्यांच्या हातातला झारा तसाच राहिला. तेलातल्या करंज्या काळ्या होत गेल्या. मग त्यांनी कढई उतरवली आणि डोक्यावरून पदर ओढून घेऊन ज्या रडल्या, तशा सासरे गेले तेव्हाही रडल्या नव्हत्या. "माझंच तोंड गं," त्या म्हणत होत्या, "मी आधीच बोलून बसले. देवाला राग आला आसंल." त्यांच्या खणखणीत विश्वासाखाली ही भीती होती, मला कधी दिसलीच नव्हती. मी त्यांना जवळ घेतलं आणि म्हटलं, "आई, देव असा खुनशी नाही हो." सकाळीच ज्याच्याशी कडाकडा भांडले, त्याची बाजू मी घेत होते. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला ते खरंच वाटतंय. मावशी म्हणाली तेच झालं. दोघी मिळून रडलो. दुःख तेवढंच राहिलं, पण उचलता येण्याजोगं झालं.

संध्याकाळी प्रदीप आला. हातपंपापाशी त्याला सांगितलं. त्याने सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि मंदिरापर्यंत सोडला नाही. आमच्या गावात नवरा-बायको असे चालत नाहीत. बरं वाटत नाही एवढंच सांगितलं आणि मी मरीया झाले नाही. बायकांच्या सतरंजीवर बसले. गव्हाणीत नुसता कडबा होता, वर पिवळा दिवा. कडेला आमच्या मंडळीची पोरं टॉवेल गुंडाळून, काठ्या घेऊन मेंढपाळ झाली होती. तेवढ्यात दारात गलबला झाला. मावशी आली होती, सोबत लाल पटक्यातला तिचा नवरा, आणि तिच्या घोंगडीत ते कोकरू. टॉवेलवाले मेंढपाळ बघून तिला हसू आवरेना. "थंडी लई हाय," ती म्हणाली, "याला उबीला कुठं ठिवू?" मग बाकी कुठे ठेवणार? कडब्यात, दिव्याखाली. प्रार्थना चालू असताना ते बें बें करून ओरडलं आणि अख्खं मंदिर हसलं. पाळकसाहेबसुद्धा.

आणि मग आई उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"आयतवारी मी आभारस्तुती दिल्ती," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मोठा. "नातवंडासाठी म्हनून. ते नातवंड न्हाई ऱ्हायलं. आता सगळे मला इचारतील, म्हातारे, तुझ्या आभारस्तुतीचं काय? तर देवाला दिलेलं मी माघारी घेत नसते. पाळकसाहेब, तेवढं नाव बदला. नातवंडाच्या जागी माझ्या सुनेचं नाव घाला. ही पोरगी देवानं माझ्या घरात धाडली, त्याचे आभार मानायचे माझे ऱ्हाऊनच गेल्ते."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि माझं नाव घेऊन पुन्हा वाचलं. कुणी माझ्या डोक्यावर हात ठेवायला आलं नाही, कुणी कुणाचं उदाहरण दिलं नाही. शेजारच्या म्हातारीने तेवढी तिची शाल ओढून माझ्या गुडघ्यांवर टाकली. इतक्या वर्षांत त्या पत्र्याखाली मी देवाकडे कायम काहीतरी मागत बसले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं की माझ्यासाठीही कुणी आभार मानावेत. रिकाम्या पोटासकट, रिकाम्या ओटीसकट, जशी आहे तशी.

नाताळ झाल्यावर तपासणी झाली, आणि जे शरीराने सांगितलं होतं तेच निघालं. त्यानंतर काही नाताळ आले आणि गेले. आमचा पाळणा अजून हललेला नाही, पुढचं मला ठाऊक नाही. त्या कोकराला मेंढीने घेतलं की नाही तेही कळलं नाही. नवं वर्ष लागताच बिऱ्हाड पुढच्या शिवारात गेलं होतं. मावशीचं नावसुद्धा मी विचारलं नाही. ती बस चुकणं ही देवाची करणी होती का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मी एवढंच सांगते, की त्या सकाळी मला पळून जायचं होतं आणि माझ्या मांडीवर कुणीतरी काहीतरी ठेवलं. पूर्वी मी "तुझी इच्छा" म्हणायचे ते दात आवळून, आतून माझी इच्छा घट्ट धरून. आता सकाळ-संध्याकाळ मी माझं काम करते, मागायचं ते मागते, आणि देणं-न देणं त्याच्यावर सोडते. काही दिवस जमतं, काही दिवस नाही. नाताळ आला की आता पोटात गोळा येत नाही. निळ्या ओढणीच्या टाचण्यासुद्धा मीच लावते, हौसेने.

आई अजून दरवर्षी सुनेच्या नावाने आभारस्तुती देतात. यंदा मी गुपचूप माझी एक दिली. पाळकसाहेबांनी वाचलं, माझ्या सासूबाईंबद्दल देवाचे आभार. सगळं मंदिर वळून त्यांच्याकडे बघायला लागलं. आईंनी पदर तोंडाला लावला, डोळे पुसले, आणि मला कोपराने जोरात ढोसून म्हणाल्या, "अगं बाई, असं चारचौघांत वाचायच्या आधी मानसाला सांगावं तरी!"